बसकीचा कोरा बिल्ला

एकोणीसशे ब्याऐंशी. लातूरचा नवा जिल्हा झाला त्या साली मी चौतीस वर्षांचा होतो, माझ्याकडे एक टेम्पो होता, आणि तात्या मिस्त्री त्या टेम्पोत बसून मेलेल्या गाड्यांच्या घरी जात होते. माणूस गेल्यावर आपण जाऊन बसतो ना, तसं. ओसरीवर टेकायचे, पाणी घ्यायचे, थोडा वेळ गप्प राहायचे आणि मग हळूच विचारायचे, "कशानं गेली?"

घरची माणसं आधी हसायची. मग सांगायला लागायची. गाडी आली तेव्हा पेढे वाटले होते, पहिल्यांदा कुठं गेलो, कुणाच्या लग्नात नवरदेव बसवला, आणि शेवटी कुठल्या वळणावर बंद पडली. तात्या मध्ये एक शब्द बोलत नसत. सगळं ऐकून झालं की डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणायचे, "मला तिचं एक हाड पायजे. मोडीत घालायला न्हाई. दुसऱ्या गाडीत घालायला."

तात्यांची शेड रेणापूरला, बुद्धविहाराच्या मागं. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पण त्या सालांत विहिरींचे तळ उघडे पडले होते. पाणीच नाही तर इंजिन कोण चालवणार, आणि चाललंच नाही तर बिघडणार कसं? महिना महिना कुणी शेडकडं फिरकत नसे. दुसरा कुणी असता तर गाव सोडून पुण्याला गेला असता. तात्यांनी छपन्नाव्या वर्षी मोटार बांधायला घेतली. तीही साधी नव्हे. दोन माणसांची, बिनछपराची, शर्यतीच्या गाडीसारखी पोट जमिनीला टेकलेली. गावानं तिचं नाव बसकी ठेवलं.

तसली गाडी त्यांनी हैदराबादेत बघितली होती. निजामाच्या राज्यात पोरवयात ते तिकडं एका मोटारखान्यात होते. कुणा नवाबाच्या लेकाची तांबडी गाडी तिथं यायची. दोन वर्षं तात्यांनी ती धुतली, पुसली, तिची चाकं चमकवली. आत बसायची मुभा नव्हती. "दरवाजा उघडून गादी झटकायची आन दरवाजा लावायचा," ते सांगायचे. "दोन साल गादी झटकली, डायवर. एकदाबी टेकलो न्हाई." मी म्हणालो, आता तुमची तुम्ही चालवा की मग. तर म्हणाले, "चालवायला कुठं येतं मला? मला बसायचंय."

मला ते डायवरच म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि मलाही ते आवडायचं. मी चौथीपर्यंत शिकलेलो माणूस. पण गाडी हातात आली की मी कुणाला ऐकत नव्हतो. माझी एक कला होती. चालत्या गाडीत दोन्ही हात सोडायचे, गुडघ्यानं स्टेअरिंग धरायचं आणि वाऱ्यात एका काडीत विडी पेटवायची. वळणावरसुद्धा. तात्यांना पहिल्यांदा दाखवली तेव्हा ते विडी न बघता गुडघ्याकडंच बघत राहिले. "लई हुशार गुडघा हाय रं तुझा," म्हणाले. स्वतः विडी ओढत नव्हते. मी ते कौतुक धरून चाललो.

बसकीचा सांगाडा मिळाला उदगीरच्या एका डॉक्टरांकडं. जुनी हेराल्ड मोटार होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. बहात्तरच्या दुष्काळात डॉक्टरांच्या घरी प्यायला पाणी पुरत नव्हतं, तेव्हा रेडिएटरमध्ये कोण ओतणार? गाडी तशीच दामटली आणि इंजिन तापून तडकलं. पुढं कुणी तरी तिचं स्टेअरिंगही काढून नेलं होतं. तात्यांनी तडकलेल्या इंजिनावर हात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा. म्हणाले, "तहानेनं गेलं बिचारं." दुसरं बरं इंजिन मी त्यांना त्याच आठवड्यात आणून देत होतो. घेतलं नाही. महिनाभर खपून त्या तड्यात पितळ भरलं. आणि मग ह्या इंजिनाला पुन्हा तहान लागू नये म्हणून मोठा रेडिएटर शोधायला आम्ही थेट हिमायतनगरला गेलो.

तिथं एका मास्तरांची अँबेसिडर उभी होती. मास्तर वारले होते, गाडीला काही झालं नव्हतं. त्यांची म्हातारी म्हणाली, "न्या बाबा, काय न्यायचं ते. फक्त एकदा हॉर्न वाजवून दाखवा. शाळेतनं येताना ते कोपऱ्यावर वाजवायचे, की मी चहा टाकायची." तात्यांनी माझ्या टेम्पोची बॅटरी काढायला लावली, तारा जोडल्या आणि हॉर्न वाजवला. म्हातारी आत गेली आणि खरंच चहा टाकून आली. रेडिएटर आम्ही आणला. हॉर्न मात्र तात्यांनी तिच्या दाराच्या चौकटीला बसवून दिला, सेल लावून. येताना वाटेत ते चिडचिड करत होते. "हॉर्न चांगला व्हता," म्हणत होते.

आणलेला प्रत्येक पुर्जा तात्या उघडून बघायचे. मालकानं काहीही सांगितलेलं असो. "मानसाचं ऐकून घ्यायचं," म्हणायचे, "आन मग पुर्ज्याला विचारायचं." दोघांचं जुळलं की पत्र्याचा एक बिल्ला कापायचे आणि छिन्नीनं त्यावर अक्षरं ठोकायचे. वर कुणाची, खाली दोष काय. तो बिल्ला तारेनं पुर्ज्याला बांधायचा. 'डाक्टर, उदगीर. दोष तहान.' 'मास्तर, हिमायतनगर. दोष मालक गेला.' अंगाचा सगळा पत्रा डांबराच्या पिंपांचा. नव्या जिल्ह्याचे रस्ते होत होते, रिकामी पिंपं रस्त्याच्या कडेला पडलेली असायची. ती कापून, ठोकून, सपाट करून तात्यांनी बसकीला अंग दिलं. पुढची काच एसटीच्या खिडकीची, गाद्या काथ्याच्या. सगळं जमलं. राहिलं स्टेअरिंग.

लातूरला जुन्या सरकारी गाड्या मोडीत निघाल्या होत्या. नवा जिल्हा, नवे साहेब, नव्या जीपा. मी तात्यांना घेऊन त्या आवारात गेलो आणि फाटकातच थांबलो. कोपऱ्यात बाभळीखाली ती उभी होती. पुढचा डावा मडगार्ड तसाच चेपलेला.

त्या जीपेची हकिकत मी लातुरातल्या सगळ्या हॉटेलांत सांगितलेली होती. तात्यांनाही, दोन वेळा. बहात्तर साली दुष्काळी कामावर मी जीपेचा ड्रायव्हर होतो, वय चोवीस. रेणापूरच्या रस्त्याला खडी फोडायचं काम चालू होतं. साहेब शेजारी बसलेले. अचानक स्टेअरिंग जाम झालं, हलेचना. जीप कडेला गेली. खडी फोडणाऱ्या बायकांच्या ओळीतली एक बाई सापडली. पण मी ब्रेकवर उभा राहिलो म्हणून बाकीच्या वाचल्या, साहेबही वाचले. पंचनाम्यात तसंच लिहिलेलं आहे. स्टेअरिंग जाम. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला होता. हे सांगताना मी तो हात कुठं ठेवला तेही दाखवायचो.

तात्यांनी रखवालदाराला विचारलं, "ही कशानं गेली?"

"स्टेअरिंग जाम झालं व्हतं म्हन. बाई मेली. तवापासनं कुनी बसलं न्हाई हिच्यात."

तात्या माझ्याकडं वळले. "तुझीच का रं ही?"

"हाव. सोडा तात्या, अपशकुनी हाय. दुसरी बघू."

"बघू तरी, बिघाड काय व्हता," म्हणत ते पाना घेऊन खाली बसलेसुद्धा. मी म्हणालो, ऊन आहे. मी म्हणालो, बोल्ट गंजलेत. मी म्हणालो, नांदेडला एक ओळखीचा आहे, तिथं नवंकोरं मिळेल. तात्या ऐकत नव्हते. घंटाभरानं स्टेअरिंगचा डबा उतरला. चार बोल्ट काढून त्यांनी झाकण उघडलं.

आतलं तेल अजून काकवीसारखं होतं. दात्यावर एक ओरखडा नाही. तात्यांनी दांडा दोन बोटांत धरला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. परत फिरवला. नुसतं गुळगुळीत. आवाज नाही, अडक नाही. तात्या बराच वेळ तसेच फिरवत राहिले.

"दहा वर्षांत सुटलं असंल," मी म्हणालो.

"सुटतं म्हन." त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडं नाही बघितलं. माझ्या गुडघ्याकडं बघितलं. मग झाकण लावलं. "बेगुन्हा हाय हे," म्हणाले. "धा साल इल्जाम घेऊन बसलं हितं. हेच घेऊ."

काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता लिहितो. साहेब शेजारी डुलकी घेत होते. मी हात सोडले, गुडघा लावला आणि काडी ओढली. वारा होता. पहिली विझली. दुसरी ओढली. चाक खडीवर चढलं आणि गुडघा सुटला, एवढंच. त्या बाईचं नाव सोजरबाई. नावही मला पंचनाम्यातूनच कळलं. शिरूर अनंतपाळकडच्या एका वाडीची, नवरा-बायको दोघं कामावर आलेले. खडी फोडताना बोटाला लागू नये म्हणून बायका सायकलच्या ट्यूबची पट्टी बोटांना गुंडाळायच्या. जीप मागं घेतली तेव्हा चाकाखाली तसली एक पट्टी होती, गोल, बोटाच्या मापाची. साहेबांनी जागे होऊन विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, स्टेअरिंग जाम झालं. एकदा बोललो ते बोललो. मी बोललेलं मागं घेणारा माणूस नव्हतो.

तात्यांनी डबा बसवला. त्याचाही बिल्ला केला. 'बांधकामाची जीप, लातूर. दोष' एवढं ठोकलं आणि छिन्नी ठेवून दिली. मी बघत होतो. म्हणालो, "पुढचं लिवा की."

"मला कुठं म्हाईत हाय?" तात्या म्हणाले. "ज्याला म्हाईत हाय त्यो सांगंल, तवा ठोकू."

बसकी तयार झाली तेव्हा पुढचा उन्हाळा लागला होता. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत पासिंगला नेली. तिथल्या साहेबानं विचारलं, कुठल्या कंपनीची? तात्या म्हणाले, "माजीच." मॉडेल कुठलं? "पयलंच." साहेबानं कपाळाला हात लावला आणि कागद परत दिला. तात्यांना काही वाटलं नाही. "रेणापूरपासनं नाक्यापतूर जाऊन येऊ," म्हणाले. "तेवढ्याला कुनाचा कागद लागतो?"

त्या सकाळी ते न्हाऊन, धुवट कपडे घालून आले. डावीकडचं दार उघडलं, सवयीनं गादी झटकली, आणि दार लावून तिथंच उभे राहिले. मीच म्हणालो, "बसा की तात्या." मग हसले आणि बसले. मी चावी फिरवली. रस्ता बुडाखालून हातभरावरून पळत होता. तात्यांची टोपी उडाली, तरी थांबू दिलं नाही. लहान लेकरू बैलगाडीच्या साटीला धरतं तसं दोन्ही हातांनी दाराला धरून बसले होते आणि तोंड उघडं ठेवून वारा पीत होते. माझ्या हातातलं ते स्टेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. हेच मला सोसत नव्हतं. कुठं तरी अडकावं, एकदा तरी अडकावं म्हणून मी विनाकारण गाडी डावी-उजवी करत होतो. दांडा जिथं पत्र्यातून खाली जातो तिथं धूळ येऊ नये म्हणून तात्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. गोल. माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती.

तो रस्ता आला. आता डांबरी झाला होता, पण मला खडीचाच आवाज येत होता. हातोडीचा. एका लयीत, ओळीनं. तात्यांनी खिशातून विड्यांचं बंडल काढलं. कधी विडीला न शिवलेला माणूस. काडेपेटीसकट माझ्यापुढं धरलं.

"घे. पेटव."

"हात मोकळे न्हाईत, तात्या."

"त्या दिशी व्हते का?"

मी ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन थांबली. मी ओरडलो, "मला खुनी म्हनून राहिलात का तुमी?"

"म्या काय म्हनलो न्हाई, डायवर." तात्यांचा आवाज अगदी हळू होता. "मी कुनाला सांगनारबी न्हाई. पर तिचा नवरा हाय. त्याला वाटतं, बायकू लोखंडानं मारली. लोखंडावर रागावून किती साल काढावं मानसानं? त्याला खरं रागवायला कुनी तरी दे की रं."

मी चावी काढून त्यांच्या मांडीवर फेकली आणि चालायला लागलो. मागं बघितलं नाही. तात्यांना चालवता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी गेलो. पुढं कळलं ते असं. उन्हं डोक्यावर आल्यावर एकानं बैलजोडी लावून बसकी ओढत गावात आणली. पोरंसोरं, बायामाणसं हसायला रस्त्यावर आली. तात्या आतच बसून होते. उतरले नाहीत, कुणावर चिडले नाहीत. बसायचं होतं, ते बसून आले.

मी तीन वर्षं रेणापूरला गेलो नाही. टेम्पोचं भाडं लागलं तरी दुसऱ्या रस्त्यानं जायचो. विडी सुटली, कारण काडी ओढली की गुडघा आपोआप वर यायचा. लोक येऊन सांगायचे, तात्या रोज दिवस कलला की शेडमध्ये बसकीत जाऊन बसतात. उजवीकडची जागा रिकामी ठेवतात. एसटीचे दोन ड्रायव्हर म्हणाले, चला तात्या, आम्ही फिरवतो. तात्या म्हणाले, "हिचा डायवर ठरलेला हाय. यील." मी ऐकायचो आणि म्हणायचो, म्हातारं खुळं झालंय. तीन वर्षं मी एवढंच म्हणत राहिलो. एक माणूस एका गाडीत बसायला चाळीस वर्षं थांबला, बसला एकदाच, आणि ती सफर मी अर्ध्यात मोडली. जाऊन नुसतं स्टेअरिंगवर बसायचं होतं. नाही गेलो. गेलो असतो तर त्या कोऱ्या बिल्ल्याकडं बघावं लागलं असतं.

पावसाळ्याच्या तोंडाला तात्या वारले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. गेलो. बायका आत होत्या, विहारातली माणसं उठून गेली होती. तात्यांची लेक जिल्हा झाल्यावर कचेरीत कारकून लागली होती, ती ओसरीवर बसलेली. मी टेकलो. तिनं पाणी दिलं. थोडा वेळ गप्प बसलो. आणि मग माझ्या तोंडातून निघालं ते तात्यांचंच. "कशानं गेले?"

"छातीनं," ती म्हणाली. मग उठून शेडमध्ये गेली आणि गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं दोन्ही हातांनी उचलून आणलं. "काका, आजारी असताना हे त्यांनी स्वतः उतरवलं. आम्ही नको म्हणत होतो. हे काढल्यावर गाडी वळणार कशी, मी विचारलं. तर म्हणाले, मी गेल्यावर ती कुठं जायची हाय? डायवर आला तर त्याच्या हातात दे. न्हाई आला तर हिरीत टाक."

मी गाठ सोडली. डबा पुसून, नवं तेल घालून ठेवलेला होता. बिल्ला तसाच. 'दोष' आणि पुढं कोरा पत्रा. तारेला बिल्ल्याच्या जोडीनं एक छोटी छिन्नी बांधलेली.

मी शेडमध्ये गेलो. बसकी उभी होती. पिंपांच्या पत्र्यावर डांबराचे जुने डाग तसेच होते. डावीकडची गादी माणसाच्या आकाराची दबलेली. उजवीकडची कोरी. मी दार उघडलं, दोन्ही गाद्या झटकल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं शिरूर अनंतपाळला गेलो. डबा मांडीवर होता. तिथून वाडीपर्यंत चालत. सोजरबाईचं घर विचारलं तर लोक तिला विसरले होते, नवऱ्याचं नाव सांगितल्यावर बोट दाखवलं. तो अंगणात दोर वळत बसला होता. केस सगळे पांढरे. माझ्या खांद्यावरचं गोणपाट बघून त्यानं लांबूनच हात हलवला.

"भंगार न्हाई घेत आमी. फुडं जा."

"इकायला न्हाई आलो," मी म्हणालो. "मी त्या जीपेचा डायवर."

त्याच्या हातातला दोर थांबला. मी खाली बसलो, गोणपाट सोडलं, झाकणाचे चारही बोल्ट काढले आणि डबा उघडून त्याच्या पुढं ठेवला.

"आधी हे फिरवून बघा," मी म्हणालो. "ह्याच्यात कायबी बिघाड नव्हता."